नावे दिली आहेत, आकृती काढा

हट्ट माझाच होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

आमच्याकडे थंडी म्हणजे फुलांचा मोसम. दिवाळी सरली की शेवंती येते, डिसेंबरात गुलाबांना तेज चढतं आणि जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. साताऱ्याच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवताना मी त्या प्रदर्शनाला सात-आठ सहली नेल्या. एकदा तर नेल्यापेक्षा एक मुलगा जास्त परत आणला. असा माणूस मुलाकडे माँट्रियालला येतो, गावात ७५ हेक्टरांची बोटॅनिकल गार्डन आहे हे त्याला कळतं, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात जानेवारी असतो. मी म्हणालो, "हाच मोसम. जाऊन येऊ."

चिरंजीव खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर त्यांची गाडी होती. म्हणजे असावी. ओळीने पाच पांढरे उंचवटे होते, त्यातला तिसरा.

"बाबा, मेमध्ये जाऊ या का?"

"मार्चमध्ये आमचं परतीचं तिकीट आहे."

यावर तो काय बोलणार? तिकीट त्यानेच काढलं होतं. उन्हाळ्यात बोलावणारी मुलं आई-वडिलांना फिरायला बोलावतात, हिवाळ्यात बोलावणारी बाळंतपणाला. डिसेंबरात दुसरं नातवंड झालं होतं. शेवटी सूनबाईच आतून म्हणाली, "जाऊ द्या ना त्यांना. चांगलं तीन-चार तास फिरून येऊ द्या." त्या ‘तीन-चार तास’मध्ये झोपेची एवढी आर्त ओढ होती की माझ्या वनस्पतिप्रेमाला एकमताने मंजुरी मिळाली.

तसं पाहिलं तर बघण्यासारखं एक झाड घरातच होतं. कढीपत्ता. दक्षिणेकडच्या खिडकीत, जांभळ्या दिव्याखाली, हीटरपासून मोजून तीन हात लांब. चिरंजीव त्याला कोमट पाणी घालतात. थंडीत त्याने बरीच पानं टाकली होती, सात डहाळ्या उरल्या होत्या. मी म्हणालो, "डहाळ्या नव्हेत, ही सात संयुक्त पानं." कुणी लक्ष दिलं नाही. त्यातलं एकही तोडायचं नाही, फोडणीला दुकानातला वाळका वापरायचा, असा घरात नियम होता. हिला तो पहिल्या दिवसापासून झोंबत होता. "झाड घरात आणि फोडणीत पाचोळा," असं ती दिवसातून एकदा कढईला सांगायची.

आम्हाला तयार सूनबाईने केलं. बाळाला गुंडाळायचा तिचा हात बसलेला होताच, त्याच हाताने तिने आम्हा दोघांना गुंडाळलं. आतले कपडे, त्यावर आतलेच वाटणारे बाहेरचे कपडे, त्यावर स्वेटर, त्यावर पिसं भरलेला कोट. माझी माकडटोपी मी सोडली नाही. ही नऊवारी-सहावारीच्या वादात कधी पडली नव्हती, ती आयुष्यात पहिल्यांदा पँट घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "देवा." त्यापुढे काही म्हणाली नाही.

सोबतीला आठ वर्षांची नात. परदेशातून आलेल्यांच्या मुलांनी इथे फ्रेंच शाळेत जायचं असा क्यूबेकचा कायदा, त्यामुळे तिला घरी मराठी आणि शाळेत फ्रेंच. दोन्हींत उत्तम रागावता येतं. या गावची मेट्रो एकदाही जमिनीवर येत नाही, सगळी भुयारातून. स्टेशनच्या पाटीवर ‘पाय’ आणि पुढे रोमन नऊ अशी अक्षरं दिसली. मी ‘पाय-नऊ’ म्हणालो. नातीने डोळे मिटले. "पी-नफ, आजोबा." नववे पोप पायस यांचं नाव रस्त्याला दिलेलं, ते रस्त्यावरून स्टेशनला. मेट्रो जमिनीवर का येत नाही ते सरकत्या जिन्याने वर आल्यावर समजलं. मोबाइलवर उणे १९ होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘जाणवते उणे २८’. महागाईचा आकडाही असाच असतो. सांगतात एक, मंडईत जाणवतो भलताच. चिरंजीवांनी आम्हाला दारात सोडलं, तिकिटं हातात दिली आणि "आत काचघरं आहेत, आधी तिकडे जा" असं तीनदा बजावून ते डायपर आणायला गेले.

आम्ही अर्थातच आधी बागेत गेलो. काचघरात झाडं बघायला काय, ती कुठेही बघता येतात.

बागेत या बागेच्या कर्त्या पुरुषाचा पुतळा आहे. ब्रदर मारी-व्हिक्टोरिन, ख्रिस्ती शिक्षकसंघातले ब्रदर, पेशाने मास्तर. तरुणपणी क्षयाने गाठलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मोकळ्या हवेत हिंडता हिंडता झाडांचा नाद लागला. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातल्या वनस्पतींवर १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेला ग्रंथ इथे अजून वापरात आहे. बाग १९३१ मधली, जगभर मंदी असतानाची. शहरात लोकांना काम नाही, आणि हे गृहस्थ मागतायत काय, तर झाडांसाठी जागा. पण मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, कामियाँ ऊद, तेव्हा शहराचा महापौर होता. इथे माझ्यातल्या मास्तराला गहिवरून आलं. माझाही एक विद्यार्थी नगरसेवक झाला. त्याने शाळेच्या आवारात एक सिमेंटचा बाक दिला, आणि बाकाच्या पाठीवर त्याचं नाव इतकं मोठं आहे की टेकून बसलेल्याच्या शर्टावर उमटतं.

पुतळ्याच्या डोक्यावर बर्फाची टोपी चढली होती. मला वाटलं, आपण आपली काढावी. हात वर जाताना हिने बघितलं. "मनातून काढा," ती म्हणाली.

पुढे बाग सुरू झाली. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. समोर पांढरं. अगदी सपाटही नव्हतं, खाली कुणीतरी आहे एवढं कळत होतं. लग्नघरात रात्री उशिरा गेलं की ओळीने पांघरुणं दिसतात आणि त्यात आपला मामा कोणता ते ओळखू येत नाही, तसं. आणि त्या पांढऱ्यातून अधूनमधून मान वर काढलेल्या पाट्या. एकीवर ‘आयरिस सिबिरिका’. मी वाकून बघितलं. बर्फ. दुसरीवर ‘पिओनिया लॅक्टिफ्लोरा’. तोच बर्फ. तिसऱ्या पाटीला मी जरा वेळ दिला, चष्मा पुसला, बाजूने जाऊन बघितलं. ही मागे उभी राहून म्हणाली, "काही फरक?"

३१ वर्षं मी वार्षिक परीक्षेत एक प्रश्न न चुकता घातला. सुबक आकृती काढून नावे द्या. पाच गुण, तीन आकृतीला, दोन नावांना. एका वर्षी एका पोराने जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद म्हणून कोरी चौकट काढली होती. चौकटीबाहेर पाच बाण, बाणांच्या टोकांना परागकोश, कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय, निदलपुंज अशी मोत्यासारख्या अक्षरात नावं, आणि सगळे बाण आत, पोकळीकडे. मी त्याला भोपळा दिला आणि लाल शाईने लिहिलं, ‘आकृती कुठे आहे?’ वर्गात त्याला उभं करून हाच प्रश्न पुन्हा विचारला. तो खाली मान घालून म्हणाला होता, "सर, आहे, पण दिसत नाही." तेव्हा मी चिडलो होतो. आता उणे १९ मध्ये, पिओनियाच्या पाटीपुढे उभं राहून मला ते पाच गुण देऊन टाकावेसे वाटले.

हिची अडचण वेगळी होती. ही बागेत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली असं आजवर झालेलं नाही. तिच्या पर्समध्ये एक ओला रुमाल, एक दुधाची धुतलेली पिशवी आणि एक नेलकटर कायम असतं. तिचं शास्त्र असं की विकत आणलेलं रोप रुसतं, मागून आणलेलं जगतं आणि न विचारता आणलेलं फोफावतं. महाबळेश्वरपासून म्हैसूरपर्यंतच्या बागांच्या फांद्या आमच्या गॅलरीत नांदतायत.

"इथे गुलाब हजारोंनी आहेत," मी म्हणालो.

"कुठे?"

"खाली."

तिने खाली बघितलं. मग मला समजावून सांगावं लागलं, म्हणजे सांगायची संधी मिळाली. गुलाबांना थंडीआधीच माती चढवतात, पांघरूण घालतात, त्यावर बर्फ पडतो आणि तो गोधडीचं काम करतो. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, ती जमिनीतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. वर उणे वीस असलं तरी हातभर बर्फाखाली जमिनीलगत पारा शून्याच्या आसपास असतो. उंदरांचे भाऊबंद तिथे बोगदे करून सुखाने राहतात आणि तोंडी लावायला झाडांच्या साली कुरतडतात, म्हणून कोवळ्या खोडांना खाली पॅड बांधावे लागतात, क्रिकेटमध्ये बांधतात तसे.

"म्हणजे खाली वरच्यापेक्षा गरम आहे?"

"बरंच."

"आणि उंदरांना हे कळतं?"

"हो."

ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात मला ओळखीचा चेहरा दिसला. मोरपंखी! आमच्याकडे शाळा, दवाखाना, मंगल कार्यालय यांच्या दारात जी उभी असते ती. आपली मूळची चीनकडची, आणि ही इथली स्थानिक थुजा, म्हणजे चुलत घराणं, पण पान तेच, चपट्या जाळीसारखं, आणि बर्फातही हिरवं. झाक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १५३५ चा हिवाळा क्यूबेकमध्ये अडकला, तेव्हा त्याची माणसं स्कर्व्हीने पटापट मरू लागली. इथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाच्या सालीचा आणि पानांचा काढा दिला आणि उरलेली वाचली. ते झाड म्हणजे हीच थुजा, असं बरेच जण मानतात. हे सगळं मी उभ्या उभ्या सांगितलं. "काढाच ना शेवटी," ही म्हणाली, आणि क्यूबेकच्या इतिहासातला तिचा रस तिथे संपला.

थोडं पुढे एक उंच झाड पूर्ण निष्पर्ण उभं होतं. फांद्यांना लहान लहान शंकू लटकलेले, म्हणजे सूचिपर्णी खरं, पण सुई एकही नाही. मी अनुभवी आवाजात म्हणालो, "हे गेलं."

नात पाटी वाचत होती. "मेलेझ," ती म्हणाली.

"तेच म्हणतायत ते," ही म्हणाली.

मेलेझ म्हणजे फ्रेंचमध्ये लार्च, आणि ते ठणठणीत होतं. लार्च सूचिपर्णी असूनही दर शिशिरात सगळ्या सुया गाळतो आणि वसंतात नव्या काढतो. पाटीखालचं लॅटिन वाचून हे मला आठवलं. आठवलं म्हणतोय, कारण कॉलेजात मी हे वाचलं होतं. आणि तरीही ३१ वर्षं फळ्यावर लिहून दिलं, ‘सूचिपर्णी वृक्ष सदाहरित असतात.’ मुलांनी ते पाठ केलं, लिहिलं, मी बरोबरची खूण केली. एवढ्या तुकड्यांना आता कुठे शोधून सांगणार? झाड मात्र शांत उभं होतं. मास्तर चुकला की हुशार मुलं जसं न बोलता बघतात, तसं.

ऱ्होडोडेंड्रॉनपाशी मात्र माझी पत सावरली. त्याची पानं कडाक्याच्या थंडीत खाली लोंबतात आणि लांबट गुंडाळली जातात. जितकी थंडी जास्त तितकी गुंडाळी घट्ट, इतकं की जाणकार नुसत्या पानाकडे बघून तापमानाचा अंदाज करतात. गोठलेल्या पानाला हिवाळ्यातलं टळटळीत ऊन सोसत नाही, म्हणून ते अंग चोरतं. पेन्सिलीएवढ्या बारीक सुरळ्या झाल्या होत्या. मी हे सांगून संपवलं, तरी ही त्या सुरळ्यांकडेच बघत होती. "सुरळीच्या वड्या अशाच पातळ जमायला हव्यात," ती म्हणाली. "सूनबाईची जरा जाड होते."

जपानी बागेकडे जाणारी वाट पुसली गेली होती. जपान्यांकडे बर्फ बघण्यासाठी म्हणून खास दगडी दिवा असतो, युकिमी नावाचा. त्याचं छप्पर मुद्दाम पसरट ठेवतात, त्यावर बर्फ साठावा आणि माणसांनी ते बघत बसावं. आमचा बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता आणि मासळीबाजारापुरता, त्यामुळे आम्हाला तो बघत बसण्याची वस्तू वाटायला आणखी दोन पिढ्या लागतील. नात मात्र त्यात उताणी पडून हात-पाय हलवत होती. बाजूने एक आजोबा, वयाने माझ्यापेक्षा थोरले, पायांना लांब पट्ट्या बांधून सर्रकन घसरत गेले. "बोंझूर!" मी उत्तर देईपर्यंत ते तिसऱ्या झाडापलीकडे.

पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेल्या एका खोक्यावर काळ्या टोपीचा चिकडी येऊन बसला. चिमणीपेक्षाही लहान. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे चहात घालायच्या दोन-अडीच चमचे साखरेइतकं. त्याने एक बी उचललं, फांदीवर नेऊन पायाखाली धरलं, ठोकून फोडलं, खाल्लं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर चार किलोंचे कपडे होते आणि नाकाचा शेंडा मला लागत नव्हता.

"काचघर," ही म्हणाली. ती विनंती नव्हती.

काचघराचं दार उघडलं आणि माझा चष्मा दुधाळ झाला. इतका वेळ झाडं दिसत नव्हती ती बर्फामुळे, आता दिसेनात ती चष्म्यामुळे. पण वास आला. ओल्या मातीचा, कुजणाऱ्या पानांचा, पहिल्या पावसानंतर परसात येतो तो. मी तसाच आंधळा उभा राहिलो. शेजारून हिचा आवाज आला, गेल्या महिन्याभरात न ऐकलेला. "अहो, केळ!"

चष्मा पुसला. केळ होती. चांगली डेरेदार, वर काचेला टेकायच्या बेतात. तिच्याखालच्या बाकावर एक फ्रेंच आजीबाई कोट काढून अर्ध्या बाह्यांत विणकाम करत बसल्या होत्या. बाजूला एक तरुण जोडपं केळीबरोबर फोटो काढत होतं. आमच्याकडे फोटो बर्फाबरोबर काढतात. "हे झाड नव्हे," मी नातीला म्हणालो, "हे खोड दिसतं ना, ते खोडच नाही. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून..." पण माझं कोण ऐकणार? ही दोन केळींच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती आणि पायांनी अंतर मोजत होती. पुढच्या आठवड्यात बारसं आणि त्याला जोडून सत्यनारायण होता. चिरंजीवांनी केळीचे खांब ऑनलाइन मागवले होते, कागदाचे, घडी घालून ठेवता येणारे.

"चौरंग मावतो इथे," ती म्हणाली. "गुरुजी त्या बाकावर बसतील. त्या बाईंना प्रसाद देऊ."

कॉफी, कोको, व्हॅनिला बघून आम्ही ऑर्किडच्या काचघरात गेलो. तिथे ऑर्किडबरोबर अळूचं सगळं खानदान ठेवलेलं आहे. लोक ऑर्किडपुढे उभे राहून कुजबुजत होते. ही त्यांना पाठ करून एका भल्यामोठ्या पानापुढे उभी होती. "एका पानात चार उंडे होतील," ती म्हणाली. मी म्हणालो, "खाजेल." या कुळाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात, म्हणून खवखवतं, हे मी दरवर्षी शिकवायचो. "चिंच घातली की झालं," ती म्हणाली. हेही ती दरवर्षी सांगायची. संसार टिकवायचा तर दोन्ही बाजूंनी आपापला अभ्यासक्रम बदलायचा नसतो.

आणि तिथेच तिला तो दिसला. मनी प्लांट, किंवा त्याचा सख्खा भाऊ. आमच्याकडे बाटलीत चार पानांवर दिवस काढतो तो इथे खोडावर चढून माणसाच्या डोक्याएवढी पानं टाकत होता. मनी प्लांट चोरूनच आणावा लागतो, हे तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हिने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. पर्सची चेन हलकेच वाजली.

"आजी," नात म्हणाली, "इथे लिहिलंय, हात लावू नका."

"मी कुठे लावला? तोच माझ्या अंगावर आला."

"फ्रेंचमध्ये लिहिलंय."

"मला कुठे फ्रेंच येतं?"

पण पर्स बंद झाली. नातीपुढे नमुना बरा राहावा एवढ्यासाठी एका फांदीचं जीवन वाचलं. पुढच्या काचघरात निवडुंग होता, फड्या निवडुंग, आमच्या गावी बांधाला असतो तो. त्याच्या पायथ्याशी गारगोट्या, अंगावर दिवा, समोर पाटी. आमच्याकडे त्याच्यावर लंगोट वाळत घालतात. नात म्हणाली, "आजोबा, हा तुमच्याकडून आणला?" मी हो म्हणणार होतो. पण लार्चनंतर जरा जपूनच होतो. तो मूळचा अमेरिका खंडातला. आमच्याकडे गेला तो पाहुणा म्हणून, आणि परत आलाच नाही.

चार वाजता चिरंजीव घ्यायला आले. घरी बाळ आणि बाळंतीण दोघंही झोपून ताजीतवानी झाली होती. नातीने कोट काढायच्या आधीच आइस्क्रीमची काडी, जाड कागद आणि स्केचपेन शोधून काढलं. खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत तिने रीतसर पाटी रोवली. वर मला विचारून लॅटिन नाव, मुराया कोनिगी, आणि त्याखाली फ्रेंचमध्ये एक ओळ.

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं.

"हात लावू नका."

रात्री जेवणाला कढी होती. मी पेपर वाचत होतो, म्हणजे मोबाइल. स्वयंपाकघरात तूप तापल्याचा वास आला, मग जिरं तडतडलं. मग हिची पावलं खिडकीकडे गेली आणि परत आली. चुर्रकन आवाज झाला आणि घरभर असा वास पसरला की बाळानेही कूस बदलली.

खोलीतून सूनबाईचा आवाज आला. "आई? कढीपत्ता घातलात?"

"वाळका गं," ही म्हणाली.

चिरंजीव उठले, आणि काही न बोलता खिडकीकडे निघाले.